संगणकाच्या पेटीत हार्ड डिस्कची जागा

घरात संगणक आला म्हणजे थोरांचे लक्ष त्याच्या पडद्याकडे असते, मुलांचे कळफलकाकडे असते, आणि ज्या लोखंडी पेटीत त्याचा सारा जीव असतो ती पेटी टेबलाखाली पायाशी ढकलली जाते. दुकानदार तिला कॅबिनेट म्हणतात. ह्या कॅबिनेटच्या आत, बहुधा पुढच्या बाजूस, पत्र्याच्या एका खणात तळहाताहून थोडी मोठी आणि वजनाने अर्धा-पाऊण किलो भरणारी एक चपटी डबी बसविलेली असते. तीच हार्ड डिस्क. मुलीच्या लग्नाची छायाचित्रे, वडिलांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण, शेताच्या कागदपत्रांच्या प्रती, परीक्षेस बसणाऱ्या मुलाची टिपणे, डॉक्टरांच्या दवाखान्यातील नोंदी, हे सर्व त्या डबीत साठविलेले असते. संगणकाचा दुसरा कोणताही भाग बिघडला, तर तो बाजारातून नवा आणता येतो. ही डबी बिघडली तर नवी डबी मिळते. आत लिहिलेले मिळत नाही.

इतकी मोलाची ही वस्तू, पण ती पेटीत बसविण्याचे काम पुष्कळदा दोन मिनिटांत आणि दोन स्क्रूंवर उरकले जाते. ते काम नीट कसे करावे, आणि नांदेड-लातूरकडच्या हवेत त्यात कोणती विशेष काळजी घ्यावी, एवढाच आजचा विषय आहे.

पहिला प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो तो असा, की हार्ड डिस्क आडवी ठेवावी की उभी? त्याचे उत्तर प्रथमच देऊन टाकलेले बरे. आजची हार्ड डिस्क आडवी ठेवा, कडेवर उभी करा, किंवा पालथी घाला. तिच्या कामात अगर आयुष्यात त्याने काही फरक पडत नाही. बनविणाऱ्या कंपन्यांनीही ही मोकळीक दिलेली आहे. महत्त्वाच्या गोष्टी दोनच: ती घट्ट धरलेली असावी, आणि तिला वारा मिळावा. परंतु आडव्या-उभ्याची ही चिंता लोकांच्या मनात आली कोठून, हे कळण्यासाठी डबीच्या आत डोकावले पाहिजे.

हार्ड डिस्कच्या आत ग्रामोफोनच्या तबकड्यांसारख्या, पण आरशासारख्या गुळगुळीत अशा एक किंवा अधिक तबकड्या एका आसावर बसविलेल्या असतात. त्या ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या असून त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. घरगुती संगणकात त्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. ७२०० फेरे म्हणजे सेकंदास १२०. ह्या वेगाने तबकडीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरहून अधिक धावत असते. ग्रामोफोनची सुई तबकडीस टेकते; येथील लिहिणारे-वाचणारे टोक मात्र तबकडीस कधीच टेकत नाही. तबकडीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या पातळ थरावर ते तरंगते, आणि दोहोंमधील अंतर अवघे काही नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या उंबऱ्यावर साचणाऱ्या धुळीचा बारीकसा कणही ह्या फटीपुढे डोंगरासारखा होय. म्हणूनच ही डबी धूळरहित खोलीत जुळवितात, आणि घरी ती उघडून पाहण्याचा मोह कोणी करू नये.

लातूरची गंजगोलाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांस तबकडीवरील लिखाणाची रचना ध्यानात आणणे सोपे जाईल. मध्यभागी गोल इमारत, तिच्या भोवती गोल रस्ता, आणि त्यास चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. तबकडीवरही लिखाण असेच एकाभोवती एक अशा वर्तुळांत असते, आणि मधून बाहेर जाणाऱ्या रेषांनी त्या वर्तुळांचे लहान लहान भाग पाडलेले असतात. फरक इतकाच, की येथे शेजारशेजारच्या दोन वर्तुळांमधील अंतर शंभर नॅनोमीटरच्याही आत आलेले आहे, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा सुमारे हजारावा हिस्सा. त्या वर्तुळांपैकी नेमक्या एकावर टोकाला स्थिर राहावयाचे असते, आणि खाली तबकडी तर वादळासारखी फिरत असते.

१९५६ साली आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाच्या संगणकासाठी जी पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तिच्यात प्रत्येकी दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. ते धूड सुमारे एक टन वजनाचे होते, आणि एवढ्या पसाऱ्यात फक्त ५० लाख अक्षरे मावत. ते आडवे की उभे, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारणे शक्यच नव्हते. ते जेथे ठेवले तेथेच राहिले. १९८० साली सीगेट कंपनीने टेबलावरील संगणकात मावेल अशी सव्वापाच इंची डिस्क काढली, आणि तेथून ही चिंता सुरू झाली. त्या काळच्या लहान डिस्कांतील टोक पुढे-मागे नेणारी मोटर ठराविक पावले टाकी. तिसऱ्या वर्तुळावर जावयाचे तर तीन पावले, दहाव्यावर जावयाचे तर दहा. पाऊल टाकल्यावर आपण खरोखर वर्तुळावर आलो की थोडे बाजूला राहिलो, हे पाहण्याचा डोळा तिला नव्हता. अशी डिस्क आडवी असताना तयार केली आणि मग कडेवर उभी केली, तर टोकाच्या दांड्याचे वजन निराळ्या दिशेने पडे, तो केसभर ढळे, आणि पूर्वीची वर्तुळे त्यास नीट सापडत नसत. म्हणून ज्या स्थितीत वापरावयाची त्याच स्थितीत ती तयार करावी, असा नियम होता आणि तो त्या काळी बरोबर होता.

पुढे पावले टाकणारी मोटर गेली आणि तिच्या जागी ध्वनिक्षेपकातल्यासारखे चुंबक व तारेचे वेटोळे आले. मुख्य म्हणजे तबकडीवरच, मजकुराच्या अधूनमधून, वाटेवरच्या मैलाच्या दगडांसारख्या खुणा लिहून ठेवण्याची पद्धत आली. टोक त्या खुणा सेकंदास हजारो वेळा वाचते आणि आपण ढळलो असल्यास तत्काळ सावरते. गुरुत्वाकर्षणाची ओढ एकाच दिशेने आणि सतत असते, म्हणून ती सावरून घेणे ह्या यंत्रणेस अगदी सोपे जाते. नियमाचे कारण नाहीसे झाले; नियम तेवढा लोकांच्या तोंडी राहिला.

मात्र ह्या सावरण्याला मर्यादा आहे. सतत एका बाजूस ओढणारे वजन टोक सहज सोसते. क्षणोक्षणी दिशा बदलणारा हादरा त्यास सोसत नाही. येथे स्क्रूंचा प्रश्न येतो.

साडेतीन इंची हार्ड डिस्कच्या दोन्ही कडांना आणि तळालाही स्क्रूंसाठी भोके असतात. डिस्क खणात सरकवून दोन्ही बाजूंनी दोन-दोन असे चार स्क्रू लावणे ही साधी व योग्य रीत होय. पण नेहमीच्या कॅबिनेटचा डावीकडचा पत्रा काढला की एकच बाजू हाताशी येते. दुसऱ्या बाजूचे स्क्रू लावावयाचे तर उजवीकडचाही पत्रा काढावा लागतो. घाईत असलेला कारागीर हा दुसरा पत्रा पुष्कळदा काढीत नाही. मग डिस्क एका कडेने धरलेली आणि दुसऱ्या कडेने अधांतरी राहते. भिंतीत एकाच बाजूने रोवलेल्या फळीसारखी तिची स्थिती होते, आणि तबकड्या सेकंदास १२० वेळा फिरू लागल्या की ती मोकळी कड थरथरू लागते. कॅबिनेटमधून सतत एक बारीक घूं असा आवाज येत असेल, आणि पत्र्यावर हात दाबताच तो बदलत असेल, तर दुसऱ्या बाजूचे स्क्रू आहेत की नाहीत हे पाहावे.

थरथर झाली तर काय होते? टोक वर्तुळावरून ढळते, खुणा वाचून परत येते, पण तोपर्यंत वाचावयाचा भाग खालून निघून गेलेला असतो. तो पुन्हा टोकाखाली येण्यास पूर्ण एक फेरा थांबावे लागते. एक फेरा म्हणजे सेकंदाचा १२० वा भाग. ऐकावयास हा काळ क्षुल्लक वाटतो. परंतु एक मोठे छायाचित्र उघडावयाचे असता असे फेरे शेकड्यांनी वाया जाऊ लागले, म्हणजे संगणक रेंगाळू लागतो. घरातील माणसे म्हणतात, संगणक जुना झाला. लिहिण्याच्या वेळी हादरा बसला, तर शेजारच्या वर्तुळावरचे लिखाण पुसले जाऊ नये म्हणून डिस्क स्वतःच हात आखडता घेते आणि पुन्हा प्रयत्न करते. म्हणजे ढिल्या बसविलेल्या डिस्कचा पहिला परिणाम नुकसान हा नसून मंदपणा हा आहे, आणि तो वेळीच ओळखता आला तर पुढचे नुकसान टळू शकते.

आणखी एक गोष्ट कित्येकांच्या ध्यानात येत नाही. टोकाचा दांडा एका वर्तुळावरून दुसऱ्यावर झटकन जातो, तेव्हा त्याच्या उलट दिशेने साऱ्या डबीला एक लहानसा झटका बसतो. बंदूक उडाली की खांद्यास धक्का बसतो, त्यातलाच हा प्रकार. डबी जड पत्र्याला घट्ट जोडलेली असेल तर हा झटका पत्र्यात विरून जातो. ती मोकळी असेल तर स्वतःच हलते, आणि ज्या वर्तुळावर जावयाचे तेच दांड्याखालून सरकते. आवाज कमी व्हावा म्हणून काही हौशी मंडळी डिस्क लवचीक रबरी पट्ट्यांवर झोळीसारखी टांगतात. आवाज कमी होतो हे खरे. पण टोकाचे काम अवघड होते. स्क्रू आणि पत्रा यांच्यामध्ये रबराचे जाडसर वायसर देणे ही त्याहून चांगली तडजोड आहे. त्यांनी आवाज पेटीत पसरत नाही आणि डिस्कही जागची हलत नाही. नव्या धर्तीच्या कॅबिनेटांत स्क्रूंऐवजी प्लॅस्टिकचा सरकता ट्रे असतो आणि त्याच्या खिळ्या डिस्कच्या भोकांत बसतात. ही सोय चांगली आहे, पण स्वस्त पेटीतील ट्रे पुष्कळदा सैल असतो. डिस्क बसविल्यावर बोटाने हलवून पाहावी. ती खडखडली तर ट्रेच्याच भोकांतून स्क्रू लावून घ्यावेत.

स्क्रू कोणते, हाही प्रश्न लहान नाही. साडेतीन इंची डिस्कचे आटे जाड असतात. अडीच इंची डिस्कचे, आणि जुन्या सीडी-डीव्हीडी यंत्रांचे, बारीक असतात. डोळ्यांना दोन्ही स्क्रू सारखेच वाटतात. बारीक आट्याचा स्क्रू जाड आट्याच्या भोकात शिरतो, पण धरत नाही. जाड आट्याचा स्क्रू बारीक भोकात डिसमिसच्या जोराने घुसवला तर आटे कायमचे मोडतात. (स्क्रू-ड्रायव्हरला डिसमिस हे नाव आपल्याकडच्या कारागिरांनी कसे दिले कोण जाणे, पण ते आता पक्के झाले आहे.) योग्य स्क्रू पहिले तीन-चार वेढे बोटांनीच फिरतो, न फिरल्यास तो परका समजावा. लांबीही पाहावी. स्क्रू डिस्कच्या आत साधारण तीन मिलिमीटर शिरला म्हणजे पुरे. कॅबिनेटच्या पत्र्यासाठी दिलेले लांब स्क्रू तळाच्या भोकांत लावल्यास त्यांचे टोक आतील विद्युत्-पट्टीपर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. चारही स्क्रू आधी सैल लावून, डिस्क सरळ बसली आहे हे पाहून, मग एकामागून एक आवळावेत, म्हणजे डबीला पीळ बसत नाही. जोर मनगटाचा असावा, खांद्याचा नको.

हादरा स्क्रूंच्या ढिलेपणानेच बसतो असे नाही. नुसत्या आवाजानेही तो बसतो. २००८ साली अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत ब्रेंडन ग्रेग ह्या अभियंत्याने हार्ड डिस्कांच्या एका मोठ्या संचासमोर तोंड नेऊन मोठ्याने आरोळी ठोकली, आणि त्याच क्षणी त्या डिस्कांचे काम रेंगाळल्याचे समोरच्या आलेखावर उमटलेले दाखविले. ती गंमत होती. २०१६ साली रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथे गंमत राहिली नाही. तेथील आयएनजी बँकेच्या संगणक-केंद्रात आग विझविण्याच्या वायूची चाचणी घेतली असता, नळ्यांतून सुटलेल्या वायूच्या प्रचंड आवाजाने कित्येक हार्ड डिस्का निकामी झाल्या आणि बँकेचे व्यवहार कित्येक तास बंद पडले. घरी असा आवाज होत नाही. पण गाण्यांसाठी आणलेला जड स्पीकर संगणकाच्याच टेबलावर, कॅबिनेटला खेटून ठेवण्याची रीत मात्र घरोघर दिसते. स्पीकरच्या चुंबकाने डिस्क पुसली जाते अशी एक भीती सांगितली जाते. ती निराधार आहे. डिस्कच्या स्वतःच्या पोटातले चुंबक त्याहून पुष्कळ जोरकस असतात. त्रास चुंबकाचा नसून धमधमाटाचा आहे. स्पीकर निराळ्या फळीवर ठेवला की तो मिटला.

आता वाऱ्याकडे वळावे. मराठवाड्यातील श्रोत्यांना ह्या भागाचे अधिक महत्त्व आहे.

हार्ड डिस्कच्या कंपन्या सामान्यतः ६० अंश सेल्सिअस ही तापमानाची वरची मर्यादा सांगतात. ही मर्यादा डिस्कच्या अंगाची आहे, खोलीची नव्हे. नांदेडला मे महिन्यात दुपारचा पारा ४२-४३ अंशांवर जाणे नवलाचे नाही. अशा दुपारी पंख्याखालच्या खोलीतही हवा ३९-४० अंशांची असते असे धरू. बंद पेटीत मदरबोर्ड, वीज पुरविणारा एसएमपीएस आणि मुख्य प्रोसेसर यांच्या उष्णतेने ती हवा आणखी सहा-सात अंशांनी तापते. हवा न खेळणाऱ्या खणात बसलेली डिस्क स्वतःच्या श्रमाने तिच्याहून दहा-बारा अंश अधिक तापू शकते. बेरीज केली तर आपण ६० अंशांच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहतो. थंड हवेच्या शहरात तीच पेटी, तसेच बसविलेली तीच डिस्क, चाळिशीतच राहील. म्हणून परदेशी पुस्तिकांत वाऱ्याविषयी जे एका ओळीत उरकलेले असते, ते आपल्याकडे एका ओळीत उरकून भागत नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. २००७ साली गूगल कंपनीतील संशोधकांनी एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यात तापमान व बिघाड यांचा संबंध पूर्वी समजत होते तितका निकटचा आढळला नाही. उलट फार थंड राहिलेल्या डिस्काच अधिक बिघडलेल्या दिसल्या. तेव्हा उष्णतेचे भय फुकाचे आहे, असे काही जण म्हणू लागले. परंतु त्याच अभ्यासात फार उष्ण राहिलेल्या आणि वयाने जुन्या डिस्कांत बिघाड वाढलेला होताच. ती यंत्रे होती संगणक-केंद्रात, राखलेल्या हवेत. तेथला नेहमीचा दिवस आपल्या वैशाखातल्या दुपारीसारखा नसतो. तिशी-चाळिशीच्या तापमानात एक-दोन अंशांसाठी जीव टाकू नये, एवढे त्यातून घ्यावे. साठीच्या उंबरठ्याला तो अभ्यास अभय देत नाही.

उपाय स्वस्त आहेत. कॅबिनेटच्या पुढच्या तोंडाशी एक पंखा असावा, आणि डिस्क नेमकी त्याच्या मागच्या खणात बसवावी, म्हणजे बाहेरून येणारा ताजा वारा प्रथम तिच्या अंगावरून जाईल. पंखा वारा आत ओढतो की बाहेर फेकतो, हे कागदाची पातळ पट्टी जाळीसमोर धरून पाहावे. पट्टी जाळीला चिकटली तर वारा आत जात आहे. पुढचा पंखा उलटा बसविलेल्या पेट्या काही कमी नाहीत. दोन डिस्का असतील तर त्यांच्यामध्ये एक खण रिकामा सोडावा. एकीला लागून दुसरी बसविली की त्यांच्यामधल्या अरुंद फटीतून वारा जात नाही, शिवाय एकीची थरथर दुसरीला पोहोचते. एसएमपीएसच्या उरलेल्या तारांचा गुंता डिस्कच्या रिकाम्या खणात कोंबण्याची सवय कारागिरांना असते. पेटी वरून नीटनेटकी दिसते आणि वाऱ्याची वाट बंद होते. तारा एका बाजूस बांधून घ्याव्यात.

पेटी कोठे ठेवली आहे, हेही तितकेच पाहिले पाहिजे. संगणकासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या टेबलांत कॅबिनेटसाठी दाराचा बंद कप्पा असतो. तो दिसावयास सुबक असतो, पण त्यात पेटीने बाहेर टाकलेली तप्त हवाच पुन्हा आत ओढली जाते. उन्हाळ्यात त्याचे दार उघडे ठेवावे, आणि मागची फळी काढता येत असेल तर काढून टाकावी. धूळ बसू नये म्हणून पेटीवर भरतकामाचे आवरण घालण्याची गृहिणींची हौस समजण्यासारखी आहे. संगणक चालू करण्यापूर्वी मात्र ते आवरण काढलेले असावे. पेटी जमिनीवर न ठेवता वीतभर उंच घडवंचीवर ठेवली, तर झाडताना उडणारा केर आणि फरशी पुसतानाचे पाणी, दोन्ही दूर राहतात.

धुळीपासून डिस्कच्या तबकड्यांना थेट भय नाही, कारण डबी बंद असते. तिच्या झाकणावर हवा आत-बाहेर होण्यासाठी एक बारीक भोक असते आणि त्यामागे गाळणी असते. त्या भोकावर चिठ्ठी अगर चिकटपट्टी लावू नये. (२०१३ पासून काही मोठ्या डिस्का हीलियम वायू भरून पूर्ण बंद केलेल्या येतात, त्यांना असे भोक नसते.) धुळीचे खरे नुकसान निराळे आहे. नांदेडकडची काळ्या मातीची बारीक धूळ असो, की लातूरच्या डाळमिलांच्या परिसरातला भुसा असो, ती पुढच्या जाळीवर आणि पंख्याच्या पात्यांवर बसते व वारा हळूहळू थांबतो. जाळी महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशाने झाडावी. आणि एक विशेष सूचना कूलरविषयी. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून येणारा कूलरचा झोत माणसाला सुखावह असतो, म्हणून तो संगणकावरही सोडावा असे वाटते. तसे करू नये. त्या झोतात दमटपणा असतो, कधी तुषारही असतात. ओली धूळ जोडांवर चिकटून बसते. कूलरने खोली गार करावी, पेटी त्याच्या सरळ झोतापासून बाजूला असावी.

डिस्क किती तापली आहे ते ओळखण्यास हात लावण्याची गरज नाही. प्रत्येक आधुनिक डिस्क स्वतःचे तापमान मोजते आणि विचारल्यास सांगते. ते दाखविणारे लहान प्रोग्राम फुकट मिळतात. मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास एकदा तो आकडा पाहावा. ४५ च्या आत असला तर उत्तम. ५० च्या पुढे जात असल्यास पंख्याची व्यवस्था करावी. ५५ दिसल्यास संगणक बंद करून सायंकाळची वाट पाहावी.

दुकानदार मंडळींना सायंकाळची वाट पाहता येत नाही. दुकानावर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांची चित्रे ज्या यंत्रात साठतात, त्यातही हार्ड डिस्कच असते, आणि ती अहोरात्र लिहीत असते. चोराच्या हाती लागू नये म्हणून ते यंत्र माळ्यावर, पत्र्याच्या छपराखाली, कुलूपबंद लाकडी खोक्यात ठेवतात. दुकानातली सर्वांत तप्त जागा तीच. मग एखादे दिवशी खरोखरच चोरी होते, चित्रे पाहावयास जावे तो डिस्क कित्येक दिवसांपूर्वीच बंद पडलेली असते, आणि हे कोणाला ठाऊकच नसते. खोक्याला दोन बाजूंनी जाळी लावावी, ते शक्य तितके खाली आणावे, आणि आठवड्यातून एकदा मागच्या दिवसाचे चित्र काढून पाहावे.

तारांविषयी थोडक्यात. २००३ पासून रूढ झालेल्या साटा पद्धतीत डिस्कला दोन जोड लागतात, माहितीचा अरुंद आणि विजेचा रुंद. दोन्ही सरळ आत सारावेत, वर-खाली हलवू नयेत. आतली प्लॅस्टिकची जीभ नाजूक असते व ती मोडली तर डिस्क चांगली असूनही निरुपयोगी होते. तार ताणलेली नसावी. कामास लागण्यापूर्वी विजेची तार काढावी आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्यास हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज निघून जाते.

ज्यांच्या संगणकात हार्ड डिस्कऐवजी एसएसडी आहे, त्यांना ह्यातले बरेचसे लागू नाही. तीत फिरणारे काहीच नसल्याने थरथरीचा प्रश्न येत नाही. ती दोन स्क्रूंवर असली तरी चालते. उष्णतेचे बंधन तिलाही आहे. परंतु भरपूर साठा थोड्या पैशांत हवा असला, म्हणजे छायाचित्रकारांना, दवाखान्यांना, कॅमेऱ्यांच्या यंत्रांना, अजून फिरत्या तबकडीकडेच यावे लागते.

शेवटी संगणक हलविण्याविषयी. मुलाला शिकवणीसाठी नांदेडहून लातूरला ठेवावयाचे, आणि त्याच्याबरोबर घरचा संगणकही पाठवावयाचा, असे प्रसंग येतात. बंद डिस्कची टोके तबकडीपासून दूर, आपल्या विसाव्याच्या जागी असतात, त्यामुळे चालू डिस्कपेक्षा ती कितीतरी पट मोठे धक्के सोसते. संगणक बंद केल्यावर तबकड्या थांबेपर्यंत अर्धा मिनिट जाऊ द्यावा आणि मगच पेटी उचलावी. चार स्क्रूंवर बसलेली डिस्क खड्ड्यांच्या रस्त्यानेही सुखरूप जाते. दोन स्क्रूंवरची डिस्क वाटभर खणाच्या पत्र्यावर आपटत राहते. खात्री नसेल तर डिस्क काढून, कपड्यांत गुंडाळून, सामानात न टाकता हातातल्या पिशवीत न्यावी. काढलेली डिस्क शहाबादी फरशीवर कधीही टेकवू नये. चार बोटे उंचीवरून निसटली, तरी कठीण दगडावर तिला बसणारा धक्का प्रवासातल्या खड्ड्याहून मोठा असतो. खाली घडी घातलेला टॉवेल असावा.

आणि पाठविण्यापूर्वी, किंबहुना आजच, तीतल्या मजकुराची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर करून ठेवावी. उत्तम बसविलेली डिस्कही कधीतरी थांबतेच. ही दुसरी डिस्क त्याच पेटीत बसविण्याचा सल्ला कोणी दिला तर तो घेऊ नये. वीज कडाडून दाब वाढला, किंवा पेटीच चोरीस गेली, तर दोन्ही एकदम जातात. ती बाहेर, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात ठेवावी, आणि येथे मात्र आडवीच ठेवावी. टेबलावर कडेवर उभ्या केलेल्या बाहेरच्या डिस्का तारेला पाय अडकून पडतात, आणि त्या चालू असताना पडल्या तर टोक तबकडीवर आपटते. काम झाल्यावर उरलेले स्क्रू, जाड आट्यांचे निराळे व बारीक आट्यांचे निराळे, दोन लहान डब्यांत घालून त्याच कपाटात ठेवावेत. पुढच्या वेळी कारागीर आला, की दोन कमी पडतात ते नेमके तेच असतात.